तिसरं रीळ

“तुम्ही दोघं जा आत. मी इथे बाकावर बसते,” टायपिस्टबाई म्हणाल्या आणि खरंच बसल्या.

“आई, तिकिटं काढलीत तीन,” चिमी म्हणाली. चिमीचे केस पिकायला लागले होते, तरी नाव तेच राहिलं होतं.

“मग माझ्या खुर्चीवर पर्स ठेव. तिचीही करमणूक होईल.”

चिमीचे वडील, म्हणजे थिएटरचे जुने ऑपरेटर, काठी टेकून उभे होते. त्यांचा जन्म याच थिएटरात गेला होता, वर यंत्राच्या खोलीत. आता थिएटर बंद होणार होतं. शेवटच्या आठवड्यात रोज एक जुना पिक्चर लावायचा असं मालकांनी ठरवलं आणि एक निवडायचा मान ऑपरेटरांना दिला. त्यांनी क्षणाचाही विचार न करता एक नाव सांगितलं. म्हणून तर बाई बाकावर बसल्या होत्या.

पिक्चर विनोदी होता. नोकरी करणारी एक आई, आणि घर, पोरं, साहेब सांभाळताना तिची उडणारी तारांबळ. पोस्टरवर हिरॉईनच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात दुधाची बाटली आणि चेहऱ्यावर असं हसू, की तारांबळ म्हणजे जणू सहलच. पिक्चर पहिल्यांदा लागला तेव्हा बाई नवऱ्याचा डबा द्यायला वर गेल्या, तर ते पोस्टर नवऱ्याच्या खुर्चीसमोरच चिकटवलेलं दिसलं. बाईंनी डबा ठेवला तो जरा आपटूनच.

बाई तेव्हा स्वतः नोकरी करत होत्या. “ती करते तेच मी रोज करते. माझ्यावर कुणी तिकीट लावत नाही,” त्या म्हणायच्या. पडद्यावर दूध उतू गेलं की लोक खुर्चीत लोळून हसायचे. घरी उतू गेलं की सासूबाई दिवसभर भांडी आदळायच्या.

त्याच्या आदल्या वर्षी तर चिमीला कडेवर घेऊन बसमागे धावताना बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला होता. बस जवळजवळ रिकामी होती, तरी मेली थांबली नाही. तुटकी चप्पल हातात धरून बाई भर रस्त्यात उभ्या, आणि चिमी आपली गेलेल्या बसला शहाण्यासारखी टाटा करतेय. रडू यायचं ते हसूच आलं. ऑफिसात हेडक्लार्कने अर्धी रजा मांडली. कुणी पाहिलं नाही तेवढंच नशीब, असं म्हणून बाईंनी ते घरी सांगितलंही नाही. हिरॉईनची चप्पल कशाला तुटेल?

मग एकदा तिकीटखिडकीवरची बाई बाजारात भेटली.

“वहिनी, तुमच्या ह्यांना आवरा हो,” ती भाजी निवडता निवडता म्हणाली. “दुपारचा खेळ सुटला, झाडलोट झाली, की तिसरं रीळ पुन्हा लावतात. एकटेच झरोक्यातून बघत बसतात. विचारलं तर म्हणे, यंत्र तपासतोय.”

त्या दिवशी जेवणात मीठ पडलं नाही. ऑपरेटरांनी तक्रार केली नाही.

“काय आहे हो त्या तिसऱ्या रिळात?” बाईंनी विचारलं.

“बघायला ये.”

“सांगा की.”

“पिक्चरमधलं मी कधी कुणाला सांगत नाही, तुला माहीत आहे. आमच्या धंद्यात ते पाप. ये एकदा, चांगल्या जागी बसवतो.”

“तिचं तोंड बघायला मी येऊ? घरबसल्या जळतेय तेवढं पुरे.”

ऑपरेटर गालातल्या गालात हसले. ते हसणं बाईंना पोस्टरवरच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

पिक्चर उतरला, रिळांच्या पेट्या दुसऱ्या गावी गेल्या. पोस्टर मात्र घरी आलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटलं. बाईंनी त्याच्यावर आपला रेनकोट टांगला. पुढे कपाट बदललं, रेनकोट बदलला. पोस्टर नव्या कपाटात गेलं आणि बाईंच्या मनातला काटाही तिथेच राहिला. आपल्याकडे या माणसाने कधी असं पुन्हा पुन्हा पाहिलं का, हे त्यांनी नवऱ्याला कधी विचारलं नाही. उत्तर काय येईल याची धास्ती होती.

“दिसत तर नाही तुम्हाला आता काही,” बाई बाकावरूनच म्हणाल्या. “बघणार काय आत जाऊन?”

“ऐकेन. तू बघ.”

“म्हणजे तिचं वर्णन आता मी करू तुमच्यापाशी?”

“पुन्हा नाही लागायचा गं हा पिक्चर,” ऑपरेटर म्हणाले. आवाजात विनवणी होती. एवढ्या संसारात ती बाईंनी क्वचितच ऐकली होती.

बाई उठल्या. होऊन जाऊ दे, आपल्यात नाही असं काय आहे तिच्यात ते तरी कळेल.

हिरॉईन गोड होती. वाईट असती तर बाईंना बरं वाटलं असतं. चिमी खळखळून हसत होती. ऑपरेटर डोळे मिटून एकेक वाक्य पडद्याच्या आधी पुटपुटत होते. बाईंनी त्यांच्या ओठांकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

“आता तिसरं,” ते म्हणाले आणि ताठ बसले.

हिरॉईन धावली, बसमध्ये चढली. बस जवळजवळ रिकामीच होती. शेवटच्या बाकावर बसून तिने पर्समधून आरसा काढला आणि केस सारखे केले.

“हिला बरी मिळते बस,” बाई म्हणाल्या.

ऑपरेटरांनी अंधारात चाचपडत त्यांचा हात शोधला.

“तिच्याकडे नको बघूस. तिच्या मागच्या काचेतून बघ.”

काचेत रस्ता लहान लहान होत चालला होता. रस्त्याच्या मधोमध एक तरुण बाई हातात चप्पल धरून एकटीच हसत उभी होती, आणि तिच्या कडेवरचं पोर बसला टाटा करत होतं.