विटा फोडायचा खेळ

“हळू बोल ना जरा,” आई म्हणाली.

“अगं, तिला कुठे ऐकू येतंय! कानात बोळे कोंबलेत बघ.” बाबाने गाडीच्या आरशातून मागे नजर टाकली.

मागच्या सीटवर बिट्टी पाय वर घेऊन खिडकीला टेकली होती. हातात बाबाचा जुना एमपीथ्री प्लेअर. बाबाने तो गाणी ऐकायला घेतला होता, पण त्यात एक खेळही होता. खालच्या फळीवर चेंडू झेलायचा आणि वरच्या विटा फोडायच्या. फळी सरकवायला एक गोल चकती. पाचवीतल्या पोरीला मोबाइल द्यायचा नाही, यावर घरात दोघांचं एकमत होतं. अलीकडे तेवढ्या एकाच गोष्टीवर होतं. त्यामुळे हा प्लेअर बिट्टीच्या हाताला चिकटलेला. जेवताना, अभ्यासाला बसताना, आणि आईबाबांचा आवाज चढला की हमखास. दोन्ही कानांत वायरी आणि अंगठा चकतीवर गरगर, गरगर.

सिग्नल सुटला. बाबाने गाडी दामटली आणि पुढच्याच चौकात करकचून ब्रेक दाबला.

“तिला सांगणार कोण?” आईने विचारलं.

“तिथे पोचलो की सांगू. वॉर्डनबाईंसमोर रडणार नाही ती.”

“म्हणजे तू सांगणार.”

“मी का? हॉस्टेल तू शोधलंस.”

“तू जहाजावर चाललास म्हणून शोधलं! माझी रात्रपाळी. आयसीयूतल्या पेशंटला सांगू का, जरा थांबा, घरी मुलगी एकटी आहे?”

बाबा स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिला. आईचा पाय मघापासून हलत होता. तिने मागे वळून बिट्टीच्या गुडघ्यावर टिचकी मारली. बिट्टीने एका कानातली वायर काढली. पुढच्या सीटवरचे दोन्ही आवाज एकदम साखरेत घोळले.

“भूक लागली का गं, सोन्या?”

“नाही.”

“आज शाळा नुसती बघून यायची हं. आवारातच तळं आहे म्हणे.”

“आणि तुला आवडली, तू राहिलीस, तर दर शनिवारी आम्ही दोघं भेटायला येऊ,” बाबा म्हणाला.

“बरं,” बिट्टी म्हणाली. वायर परत कानात गेली.

“दर शनिवारी?” आई फणकारली. “जहाज काय दारात बांधून ठेवणार आहेस?”

“मग काय सांगू? आईबाप वेगळे होतायत आणि तुला ठेवून घ्यायला दोघांनाही जमत नाही, असं सांगू?” समोरचा ट्रक हलत नव्हता. बाबाने उगाच हॉर्न वाजवला. “खरं सांगू का, ही नसती ना, तर आपण केव्हाच सुटलो असतो. तूही आणि मीही.”

असं बोलू नकोस, म्हणायला हवं होतं. आई म्हणाली नाही. तिने मागे पाहिलं. बिट्टीचा अंगठा थांबला होता. हरली वाटतं, आईच्या मनात आलं. मग अंगठा पुन्हा फिरायला लागला. आधीपेक्षा जोरात.

पेट्रोल पंपावर रांग होती. नंबर लागला तसा बाबा खाली उतरला. गाडीत दोघीच उरल्या. आईने पट्टा काढला, लावला, परत काढला. आता थोडाच वेळ उरला होता आणि लेकीशी काय बोलावं ते सुचत नव्हतं.

“मलाही ऐकव की. काय लावलंयस?” असं म्हणत तिने मागे हात केला आणि बिट्टी नको म्हणेपर्यंत एक वायर ओढून स्वतःच्या कानाला लावली.

काहीच ऐकू आलं नाही. गाणं नाही, साधी खरखरही नाही. तिने कानावर बोट दाबून धरलं.

“संपलं का गाणं?”

“याचा आवाज उन्हाळ्यातच गेला,” बिट्टी नजर वर न करता म्हणाली. “नुसता खेळ चालतो.”

आईच्या हातातून वायर सुटली. उन्हाळ्यापासून. म्हणजे वकिलाकडे जायचं ठरलं, तेव्हाही. ‘तुझी मुलगी आहे, तू बघ’ म्हणून दोघांनी तिला चेंडूसारखं टोलवलं, तेव्हाही. हिच्या शेजारी बसून आई फोनवर मावशीपाशी रडली, तेव्हाही. आणि मघाशी.

बाबा दार आपटून आत बसला. “चला. मी काय म्हणत होतो, तिची ट्रंक आधी डिकीतून काढायची नाही. ऑफिसात जाऊन—”

“थांब,” आई म्हणाली. “तिला ऐकू येतंय. कधीपासून सगळंच ऐकू येतंय.”

बाबा वळला. बिट्टीकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं. “मग हे कानात कशाला घालून बसतेस गं?” त्याला ओरडायचं होतं. आवाज भलताच निघाला.

“हे काढलं की तुम्ही दोघं खोटं बोलता,” बिट्टी म्हणाली.

मागून हॉर्न वाजायला लागले. बाबाने गाडी कशीबशी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग म्हणाला, “बिट्टी, आम्ही आज तुला तिथे ठेवून परत जाणार होतो.”

अंगठा थांबला. “होतो?”

बाबाने शेजारी पाहिलं. आई जागेवर नव्हतीच. ती मागचं दार उघडत होती.

“होतो,” ती म्हणाली आणि लेकीला सरकवून शेजारी बसली. “वेगळे मात्र होणार आहोत. आणि पुढे कसं करायचं, ते आम्हाला अजून ठाऊक नाही. हे खरं आहे.”