सायकली चार

सहा तासांत चार सायकली. सीमंतिनीने वाहनमोजणीचा कागद उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. काही नव्हतं. बिर्लानगरचा चौक, सकाळी सहा ते बारा, सायकली चार. आता बोला. ज्या वस्तीत दर दुसऱ्या दाराशी सायकल टेकलेली असते, तिथल्या नाक्यावर म्हणे चार.

चौकाचा नवा नकाशा तिनेच काढला होता, आणि जीव ओतून काढला होता. कोपऱ्याकोपऱ्यावर कठड्याआडून सायकलींना वेगळी वाट, आणि ट्रकला वेग कमी करावाच लागेल असं आवळलेलं डावं वळण. गेल्या वर्षी त्याच वळणावर ट्रकने दोन सायकली उडवल्या. तिच्या बाबांचा, रघुनाथरावांचा, गुडघा गेला. पुढे चाललेले शेजारचे माधवराव जागीच गेले.

पण तिच्या ऑफिसच्या दिग्विजयसिंह साहेबांना आकडे हवे होते. "चार सायकलींसाठी चार कोपरे देऊ? कमाल करता, मॅडम. उद्या दुपारपर्यंत नकाशा बदला. डावं वळण मोकळं सोडा, ट्रक थांबायला नको."

तिला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सातला ती चौकात जाऊन उभी राहिली, आणि पाहतच राहिली. सायकलींची रीघ लागली होती. पण चौक वीस पावलांवर आला की जो तो खाली उतरत होता. सायकल हातात धरायची, ट्रकांच्या मधून जीव मुठीत घेऊन पळायचं, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा टांग मारायची. त्या गर्दीत लंगडत, हँडल धरून बाबाही आले.

"बाबा, तुम्ही उतरलात का?"

"इथे बसून कोण जातं गं? माधवराव गेले तेव्हापासून सगळेच उतरतात," असं म्हणून ते पुढे निघाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोजणीवाला दौलतसिंह झाडाखाली स्टुलावर बसला होता, पन्नाशीचा, वीस वर्षं हेच काम करणारा.

"दौलतसिंह, या सायकली दिसत नाहीत तुम्हाला?"

"दिसतात ना, मॅडम."

"मग लिहीत का नाही?"

"लिहितो की. पैदलमध्ये." त्याने रकाना दाखवला. कालचे पायी जाणारे, बाराशे चाळीस.

"वीस वर्षं मोजता आणि एवढी अक्कल नाही? तुमच्या या रकान्यापायी इथे माणसं मरतील."

तिने त्याच्या देखतच साहेबांना फोन लावला. "साहेब, मोजणी चुकली आहे. सायकलवाले भीतीने उतरून चालतात, आणि त्यांना पादचारी धरलंय. हजारावर सायकली आहेत इथे. नकाशा बदलायला नको."

साहेब म्हणाले, "ठीक. मोजणी पुन्हा करू. पण असला कारभार कोणाचा? वरून मला जाब विचारतील. नाव सांगा त्याचं, आजच घरी बसवतो."

दौलतसिंहने पाटीच्या चिमट्यातून घडी घातलेला एक कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. "मी विचारलं होतं, मॅडम, पहिल्याच दिवशी. ऑफिसातून हे आलं, मग चुप बसलो."

मोजणीच्या सूचना होत्या. पाचवी सूचना अशी: सायकल हातात धरून चालणाऱ्यास पादचारी समजावे. मार्च महिन्यात, चहा पिता पिता, तिनेच अर्ध्या तासात लिहून काढलेल्या बारा सूचना. तिला तो चहासुद्धा आठवला. कोणी सायकल हातात का धरेल, हा विचार तेव्हा मनाला शिवलाही नव्हता.

"हॅलो? नाव सांगताय ना?" साहेब म्हणाले.

दौलतसिंह जमिनीकडे बघत उभा होता. असल्या वेळी खापर कोणाच्या माथी फुटतं, हे वीस वर्षांत त्याला पाठ झालं होतं.

सीमंतिनीने स्वतःचं नाव सांगितलं.