तंदुराची उत्तर

दगड असो की माती, तापून निवताना त्या वेळची उत्तर दिशा पोटात धरून ठेवते. तीन वर्षांपूर्वी, बुधवारच्या भूकंपात आमचं गावच सात अंश फिरलं, तशी दगडांतली उत्तरही फिरली. नमुने तपासून भूगर्भवाल्या नेवझातनं अंकाराहून फोन केला.

“सेहेरताई, सगळं गाव फिरलं, तुमच्या आईचा तंदूर तेवढा सरळ उत्तरेला!”

“आईसारखाच हट्टी.”

“चेष्टा नाही. भूकंपानंतर पेटलाय तो. कुणी पेटवला?”

भूकंपात गेलेल्या आईला गुरुवारी पुरून आम्ही सगळ्यांनीच गाव सोडलं. नमुने न्यायला आलेला नेवझात सोडला, तर तिकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही.

भूकंपाच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, फोनवर मीच तिला म्हटलं होतं, “शुक्रवारी येते, तंदूर तापवून ठेव.”