सव्विसावी चटई

एल्साबाईंनी बोटाने हवेतच चटया मोजल्या आणि त्या लीलाबाईंकडे बघून हसल्या. सव्वीस. आज सव्वीसच्या सव्वीस मुलं झोपली होती.

लोधीपुऱ्यातल्या त्या बालवाडीत असं आजवर कधी झालं नव्हतं. एल्साबाई डेन्मार्कहून आल्या होत्या. पगार नाही, काही नाही; वर्षभर राहून बालवाडी चालवणाऱ्या लीलाबाईंना मदत करायची, एवढंच. दुपारची तासभर झोप त्यांनीच सुरू केली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं की मुलांनीही ठेवायचं आणि आडवं व्हायचं. पंचवीस पोरं पंधरा दिवसांत वळणावर आली. राहिली एकटी सुमी. तीन वर्षांची पोर, पण तिच्या तोंडाचा पट्टा दुपारीही चालू. याला चिमटा काढ, त्याच्या कानात कुर्र कर.

"बघा, आज सुमीसुद्धा," एल्साबाई इंग्रजीत कुजबुजल्या आणि वहीत आकडा लिहायला बसल्या.

लीलाबाई सुमीचं पांघरूण सारखं करायला वाकल्या. तिचा हात चटईबाहेर आला होता. त्यांनी तो उचलून तिच्या छातीवर ठेवला. तो घरंगळून पुन्हा खाली पडला.

"सुमे."

ओठ निळसर दिसत होते. श्वास होता, पण एक आला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती.

मदतनीस मालूबाई झाडू टाकून आली. तिने खाली वाकून पोरीच्या तोंडाचा वास घेतला.

"गोयी देली हिले. बाळागोयी."

लीलाबाईंनी सुमीची पापणी वर केली. बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती. अफूची गोळी गावात कोणाला ठाऊक नव्हती! कपाशीच्या हंगामात सरकी काढायच्या जिनवर कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना ती चाटवून जात. पण ही तर धावती-बोलती पोर.

"मालूबाई, पळा. इतवाऱ्यातून डॉक्टरांना आणा. मग जिनवर जाऊन हिच्या आईला, सोजरबाईला. तिला आत्ता काही सांगू नका, रस्त्यातच बसेल ती. बाईंनी बोलावलंय म्हणा, बस."

मालूबाई उंबऱ्यात थांबली. "आणते. पण तिच्यावर डाफरू नका, बाई. परवा इथंच उभं राहून तुमीच म्हनल्या व्हत्या नं?"

म्हणाल्या होत्या. सुमीला झोप येत नसेल तर तिला बाजूला चित्रं बघत बसू द्या, आईला तसं सांगा, असं एल्साबाई म्हणाल्या होत्या. ते सोजरबाईला मराठीत सांगताना लीलाबाई म्हणाल्या, "पोरगी निजत नसेल तर उद्यापासून आणू नकोस. नाव काढून टाकीन." राज्यांच्या सीमा बदलल्या होत्या आणि बालवाडीचे कागद त्या साली नागपूरऐवजी भोपाळला जायला लागले होते. तिथले साहेब सोमवारी तपासणीला येणार होते. मराठी बालवाडी पुढे ठेवायची की नाही, हे ते ठरवणार होते. त्यांच्यासमोर सव्वीस मुलं शांत निजलेली दिसायला हवी होती.

एल्साबाई धावत आल्या. "काय झालं हिला?"

"अफू. काखेत धरा. चालवा तिला. झोपू द्यायचं नाही."

दोघी पोरीला चटयांच्या मधून चालवू लागल्या. पाय फरफटत होते. लीलाबाई तोंडावर पाणी मारत होत्या, हाका मारत होत्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण हाका हळू मारतोय. बाकीची मुलं उठू नयेत म्हणून.

"सुमे!" त्या ओरडल्या. "सुमेऽ, डोळे उघड!"

मुलं दचकून उठून बसली. एकही रडलं नाही.

"पण दिली कोणी? कशासाठी?" एल्साबाईंनी विचारलं.

लीलाबाई चालत राहिल्या. दारापर्यंत, परत खिडकीपर्यंत. डॉक्टर सायकलवरून आले, सुई टोचली, नाडी धरून बसले. "चालवत राहा," ते म्हणाले. "रडली की समजा वाचली."

किती फेऱ्या झाल्या, कोणी मोजल्या नाहीत. खिडकीपाशी सुमीची मान हलली. तिने तोंड वेडंवाकडं केलं, आणि जे भोकाड पसरलं ते पार रस्त्यापर्यंत गेलं. एल्साबाईंनी खाली बसून तिला मांडीवर घेतलं.

त्याच वेळी सोजरबाई दारात आली. केसांत, भुवयांवर सरकीचा कापूस. आत मुलं चटयांवर गप्प बसलेली आणि तिची एकटी पोर गळा काढून रडत असलेली. तिने झेप घेतली आणि सुमीचं तोंड तळहाताने दाबून धरलं.

"गप व माय, गप! बाई, निजते ती, आता निजते. एका गोयीनं भागनार नाही म्हनून दोन देल्या व्हत्या मी. उद्या तीन देते. तिचं नाव नका काढू, बाई. मी पाया पडते."

"काय म्हणताहेत त्या?" एल्साबाईंनी खालूनच विचारलं. चार महिने लीलाबाई त्यांना प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगत आल्या होत्या.

लीलाबाईंनी सोजरबाईचा हात धरून पोरीच्या तोंडावरून बाजूला केला.

"तुमच्या नावावर मी हिला जे सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "त्याचं उत्तर देतेय."

सुमी पुन्हा रडू लागली. चटयांवरच्या पंचवीस जणांनी तिच्याकडे पाहिलं आणि शिकवलं होतं तसं ओठांवर बोट ठेवलं.