छत उघडलेला हिवाळा

"काचेचं छत बंद करा ना सर, मुलं पार गारठलीत!" हॉस्टेलची प्रतिनिधी यामिनी चौथ्यांदा प्राचार्य इंगोल्यांकडे आली होती.

अमरावतीच्या त्या कॉलेजच्या अख्ख्या आवारावर नऊ वर्षांपासून हे छत होतं आणि त्याखाली बाराही महिने चोवीस अंश तापमान. अशा हवेत आवारातल्या काटेसावरीनं पानं गाळणंच सोडलं होतं आणि फुलणंही. म्हणून वनस्पतिशास्त्राच्या धोपेश्वरकर मॅडमनी हट्ट धरून या हिवाळ्यापुरतं छत उघडायला लावलं होतं.

"अजून आठवडाभर कळ सोसा," तिथेच बसलेल्या मॅडम यामिनीला म्हणाल्या. त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता. शाल गुंडाळून, खोकत खोकत त्या रोज सकाळी झाडापाशी जायच्या. त्यांना एकटं पाहून यामिनीही सोबत जाऊ लागली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी उघड्याबोडक्या फांदीवर लालभडक फूल उमललं. दुपारपर्यंत साळुंक्या आल्या आणि तास सोडून सगळे वर्ग बाहेर आले. मॅडम खोकत खोकत एकेकाला फूल दाखवत होत्या.

यामिनी बाहेर आलेल्या इंगोल्यांकडे वळली.

"सर, पुढच्या वर्षी दिवाळी झाली की लगेच छत उघडा."