टेम्पररी

अटिमनं आपल्या झोपडीच्या छपराला दोर बांधून हिसका दिला आणि अकरा वर्षांचं गवत धुळीसकट खाली आलं. छावणीत आता एकच झोपडी उरली. लान्येरोची. तिच्या छपराला अजून कुणी हात लावला नव्हता.

"मास्तरीण, चल आता," गाठोडं बांधता बांधता अटिम लान्येरोला म्हणाली. "गावच्या पाणवठ्यावर पहिल्यासारखं भांडू. इथं एकटी कुणाशी भांडशील?"

"ओकिडीदादा आहे की."

ओकिडी जमिनीचा मालक. काठीवर हनुवटी टेकून उभा होता. लढाई थांबली होती, तिच्यापायी छावणीत आलेली माणसं आपापल्या गावी परतत होती, आणि त्याला पेरणीआधी रान मोकळं हवं होतं.

"टेम्पररी हा शब्द तूच शिकवलास बाई," तो म्हणाला. "मी मागं बसून ऐकला होता."

खरंच होतं. छावणी वसली त्या वर्षी ती आंब्याखाली बायकांना इंग्रजी शिकवायची. फळ्यावर वाक्य लिहिलं होतं, ही छावणी टेम्पररी आहे. टेम्पररी म्हणजे किती, असं कुणीसं विचारलं. सरकारी माणूस तीन महिने म्हणाला होता, म्हणून तिनंही तीन महिने सांगितलं. "मग माझा नवरापण टेम्पररी धरू का?" अटिम म्हणाली, आणि वर्ग तिथंच सुटला. हसून हसून लान्येरोचं पोट दुखलं होतं. पोटात तेव्हा लाकोत होती.

लाकोत या झोपडीत जन्मली. सातव्या वर्षी पाण्याला गेली आणि बंडखोरांनी उचलून नेली. त्यालाही चार वर्षं झाली. काही पोरी सुटून आल्या होत्या, रानावनातून, पाय सुजलेल्या, आपापलं दार हुडकत. लाकोतला गाव ठाऊकच नव्हतं. तिला हे एवढंच दार ठाऊक.

भाऊबंद दोनदा यागोचं फळ घेऊन आले होते. माणूस गेलं आणि देह सापडला नाही, की त्याच्या जागी ओढ्याकाठच्या झाडाचं हे हातभर लांब, जड फळ पुरायचं, म्हणजे जीव भटकत नाही. दोन्ही वेळा लान्येरोनं ते अंगणाबाहेर भिरकावलं. जित्या लेकीला माती द्यायची नाही, म्हणाली.

"दादा, तीन महिने राहू दे मला."

"सरकारसारखं बोलू नकोस." ओकिडीचा आवाज मऊच होता. "एकीला ठेवलं की दहा परत येतील. मी कुणाकुणाला नाही म्हणू?" तो काठीनं माती उकरत राहिला. "आमच्या आजोबांचा एक शब्द आहे, तो मी मोडत नाही. ज्याचं माणूस या रानात पुरलंय, त्याला इथून उठवायचं नाही. पण तुझं इथं कोण पुरलंय?"

लान्येरो दाराकडं बघत राहिली. मग ओढ्याकडं चालू लागली.

परतली तेव्हा कडेवर यागोचं फळ होतं. एका हाताचा आधार खालून दिलेला, दुसरा पाठीवर, लेकराला घेतात तसा. अटिमच्या हातातलं गाठोडं पडलं. रीत म्हणून तिनं गळा काढायला तोंड उघडलं, तर लान्येरोनं त्यावर तळहात ठेवला.

दारापासून चार पावलांवर, आतून नजर राहील अशा जागी, तिनं टाचेनं रेघ मारली आणि ओकिडीकडं कुदळ दिली.

"इथं खण, दादा. फार खोल नको," ती म्हणाली. "टेम्पररी आहे."