घटनेची तारीख

गणवेशातल्या माणसांनी मुलाला उचलून नेलं, ती अकरा वर्षांपूर्वीची तारीख म्हाताऱ्याने अर्जात लिहिली. जन्मभर टपालावर तारखेचे शिक्के मारलेला माणूस तो, चुकणार कसा? वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, माणूस गायब करण्याविरुद्धचा कायदा यंदा आला. जुनी तारीख टाकलीत तर दारातूनच परत पाठवतील." "मग खोटं लिहू?" "खोटं कसलं? मुलगा कुठे आहे ते सांगत नाहीत, तोवर गुन्हा रोज चालूच आहे. कायदाच तसं म्हणतो." म्हाताऱ्याला गेलेली बायको आठवली. ती दरवर्षी पोलिसांकडे अर्ज द्यायची आणि घटनेची तारीख अर्जाच्याच दिवसाची टाकायची. "अगं, तारीख तरी धड लिही," तो खेकसायचा. "आज सोडलंय का त्याला?" ती विचारायची. मरेपर्यंत तिने ऐकलं नाही. त्याने जुनी तारीख खोडली, आजची घातली आणि पुटपुटला, "तुझंच बरोबर होतं."